वाहन आणि चालक : जुन्या मोटारीतील प्राणिचित्रांसंबंधी

संगणकावर काढलेल्या चित्रांचा एक प्रकार अलीकडे वारंवार पाहण्यात येतो. उघड्या टपाची, फुगीर मडगार्डांची, वाटोळ्या दिव्यांची एखादी जुनी मोटार. चालकाच्या जागी कोल्हा, शेजारी ससा, मागे सामानावर विसावलेले मांजर. बालवाडीच्या भिंतीवर, वाढदिवसाच्या निमंत्रणावर, मुलांच्या पुस्तकांत अशी चित्रे आढळतात. अमरावतीस पदव्युत्तर वर्गात हा विषय निघाला तेव्हा विद्यार्थ्यांचे मत एकमुखी होते : हे सारे परदेशी अनुकरण होय. आमच्या मते हे म्हणणे निम्मे खरे आहे. कोणते निम्मे, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रारंभ शब्दापासून करणे बरे. गणपतीचे वाहन उंदीर, शंकराचे नंदी. आणि १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील वाहन, तेही वाहनच. 'वह्' धातूपासून निघालेल्या या शब्दाने जनावर व यंत्र असा भेद केलेला नाही. जे वाहून नेते ते वाहन. तेव्हा मोटारीत बसलेला उंदीर म्हणजे मराठी वाचकाच्या दृष्टीने वाहनावर चढलेले वाहन होय. चित्रकाराला हा श्लेष अभिप्रेत असेलच असे नाही. भाषेने तो आधीच करून ठेवला आहे.

प्राणी आणि चाक यांचा संबंधही आपल्याकडे नवा नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपूर भागात व वऱ्हाडात तान्हा पोळा भरतो. (वऱ्हाडी बोलीत 'ळ' चा 'य' होत असल्याने तो 'तान्हा पोया'.) मुले लाकडी नंदी दोरीने ओढीत घरोघर जातात व बोजारा घेतात. हा उत्सव नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजींनी सुरू केला, असे परंपरा सांगते. त्या नंदीची घडण लक्षपूर्वक पाहावी. चार पाय एका फळीवर ठोकलेले, फळीखाली चार चाके. खऱ्या बैलाने चाके ओढावयाची. येथे तोच चाकांवर उभा आहे आणि ओढणारा मुलगा आहे.

याच घडणीचे एक अतिप्राचीन उदाहरण महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये चार ब्राँझमूर्ती सापडल्या. एक बैल जुंपलेला रथ व त्यात उभा असलेला सारथी, एक हत्ती, एक गेंडा व एक रेडा. गेंडा व रेडा यांच्याखाली भरीव चाके आहेत. हत्तीची चाके नष्ट झाली आहेत. बहुतेक अभ्यासक या मूर्ती उत्तर हडप्पा काळातील मानतात. काहींनी धातूच्या घटकांवरून त्याविषयी शंकाही घेतली आहे. दायमाबादपासून तान्ह्या पोळ्यापर्यंत अखंड परंपरा चालत आली, असे मात्र कोणी समजू नये. मधल्या हजारो वर्षांची साखळी जुळविण्यास पुरावा नाही, आणि प्राण्याला चाके लावण्याची कल्पना जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचलेली आहे.

आता नावांचा विचार. कोल्होबा, वाघोबा, चिऊताई, माकडदादा, उंदीरमामा. मराठी गोष्टीत प्राणी आला की त्याला नाते चिकटते. यातील 'बा' हा प्रत्यय विशेष लक्षणीय आहे, कारण तोच विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांतही आहे. वाघोबा तर कथेतही आहे आणि शिवेवरच्या शेंदूर लावलेल्या दगडातही. भीती, आदर व लाडिकपणा यांना एकाच प्रत्ययाने सामावून घ्यावे, ही सोय सामान्य नव्हे. प्रभात फिल्म कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्यास कोल्ह्यावर व्यंगचित्रपट काढला, तेव्हा त्याचे नाव 'जंबूकाका' ठेवले. 'जंबुक' या संस्कृत शब्दातील अंत्य 'क' पुढील 'काका'त विरून हे नाव सिद्ध झालेले दिसते. कोल्ह्याला पडद्यावर हलविण्याचे तंत्र परदेशी होते. त्याला काका करणे सर्वस्वी घरचे.

उलट बाजूने, यंत्रालाही जनावराचे नाव मिळते. जुन्या फियाट ११०० ला 'डुक्कर फियाट' म्हणत. २००५ मध्ये आलेल्या टाटांच्या लहान मालगाडीला लोकांनी 'छोटा हत्ती' केले. हे मराठीचेच वैशिष्ट्य नव्हे, कारण इटलीत १९३६ च्या लहान फियाटला 'उंदरू' या अर्थाचे नाव मिळालेच होते. वऱ्हाडात तर यंत्राला माणसाचे नाव मिळाले. मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणारी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाललेली अरुंद मार्गाची गाडी 'शकुंतला' म्हणूनच ओळखली गेली.

येथवर सर्व सामग्री देशी आहे. परदेशी आहे ती चालकाची जागा. नंदी चाकांवर उभा असतो, बैल बंडी ओढतो, उंदीर देवाला वाहतो. परंतु यांपैकी कोणी वाहन हाकीत नाही. कासरा माणसाच्या हाती असतो. जनावराने स्वतः गाडी हाकावी, ही कल्पना प्रामुख्याने युरोपीय बालवाङ्मयातून आली. केनेथ ग्रॅहमच्या १९०८ च्या कथेतील बेडूक मोटारीच्या वेडाने तुरुंगात जातो. जाँ द ब्रुनॉफचा हत्ती बाबार १९३१ पासून मोटार चालवीत आहे. मोटार तेव्हा नवी होती. चित्र रूढ झाले आणि गाडी त्या काळाचीच राहिली, हे जुन्या मोटारीचे एक कारण. दुसरे कारण रेखाटनाचे आहे. 'व्हिंटेज' ही संज्ञा साधारणतः १९१९ ते १९३० मधील गाड्यांस लावतात. त्यांचे दिवे सुटे, मडगार्डे सुटी. दिव्यांचे डोळे व जाळीचे तोंड चार रेषांत होते. टप उघडा असल्याने कान व शेपूट दाखविता येते. संगणकावर प्रत्येक अवयव वेगळ्या थरावर काढून पुन्हा वापरता येत असल्याने तीच मोटार आज कोल्ह्याला, उद्या बैलाला देणे सोपे झाले आहे.

बैलाला ती मिळाल्यावर काय होते, हा आमच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. अकोला व अमरावतीच्या कापूसबाजारात एके काळी बंड्यांच्या रांगा लागत. माणसांसाठी रेंगी व दमणी असे. आज कापूस ट्रॅक्टरने व मालमोटारीने येतो, आणि काही गावांत पोळ्याला ट्रॅक्टरचीच पूजा होते. दारी बैल नसलेल्या घरांतील मुलेही तान्ह्या पोळ्याला नंदी ओढतात. या पिढीला बैल प्रथम भेटतो तो चाकांवर किंवा पडद्यावर.

मागील पोळ्यास भ्रमणध्वनीवर आलेल्या शुभेच्छाचित्रांत एक असे होते : जुनी लाल मोटार, तिच्या नाकाडावर झूल, दिव्यांना गोंडे, आत दोन बैल. खाली मजकूर, 'सर्जा-राजा निघाले.' क्रियापद अनेकवचनी आहे, आणि चित्रकाराची अडचणही तेथेच आहे. जू दोघांच्या खांद्यांवर सारखे बसते. मोटारीत एक चालक होतो, दुसरा नुसता बसणारा. डावीकडचा सर्जा की राजा, हे मजकुरावरून ठरत नाही. चित्रकाराने दोघांचाही एकेक खूर स्टिअरिंगच्या चाकावर ठेवला होता.