मधुमेही गर्भवतीचा रक्तदाब : उपचारांच्या इतिहासाचे एक प्रकरण

इन्सुलिनपूर्व काळात प्रस्तुत प्रश्न जवळजवळ उद्भवतच नसे. तरुण वयात मधुमेह जडलेल्या स्त्रीस क्वचितच दिवस जात. गेलेच, तर माता व मूल या दोघांच्याही जीविताची शाश्वती नसे. मॅथ्यूज डंकन यांनी १८८२ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे अशा रुग्णांविषयी जो निबंध वाचला, त्यात मृत्यूंच्या नोंदीच ठळकपणे दिसतात. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती आले आणि हे चित्र पालटले. माता जगू लागल्या. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्यांची मूत्रपिंडे व सूक्ष्म रक्तवाहिन्या बिघडल्या आहेत, अशा गर्भवतींचा एक नवाच वर्गही त्याबरोबर निर्माण झाला. या अर्थाने त्यांच्या रक्तदाबाचा प्रश्न हा इन्सुलिनच्या यशातून जन्मलेला प्रश्न होय.

रक्तदाब मोजण्याचे साधन तोवर सिद्ध झाले होते. रिव्हा-रोच्ची यांचा बाहुपट्टा १८९६ चा, तर कोरोत्कॉव्ह यांची ध्वनिश्रवणाची पद्धत १९०५ ची. आकडी येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत अल्ब्युमिन सापडते, हे लंडनच्या लिव्हर यांनी १८४३ मध्येच दाखविले होते. मात्र या विकाराच्या नावांचा इतिहास येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘एक्लॅम्प्सिया’ या शब्दाच्या मुळाशी ‘अकस्मात चमकणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आहे. तो आकडीचे केवळ आकस्मिक रूप सांगतो. उलट, पुढे रूढ झालेली ‘टॉक्सीमिया’ ही संज्ञा रक्तात विष भिनल्याचे गृहीत धरून बसते. ते विष कोणासही सापडले नाही. तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ती संज्ञा पाठ्यपुस्तकांत टिकली. संज्ञा ही निव्वळ खूण नसते. संशोधनाची दिशाही ती अनेकदा ठरविते.

याचे बोधप्रद उदाहरण बॉस्टन येथे आढळते. जॉस्लिन यांच्या चिकित्सालयात १९२४ पासून काम करणाऱ्या प्रिसिला व्हाइट यांनी मधुमेही गर्भवतींच्या उपचारास शास्त्रीय शिस्त लावली. मधुमेह कोणत्या वयात जडला, किती वर्षे आहे व रक्तवाहिन्या कितपत बिघडल्या आहेत, यांवर आधारलेले त्यांचे वर्गीकरण १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले व जगभर स्वीकारले गेले. त्याच नगरीतील जॉर्ज व ऑलिव्ह स्मिथ या दांपत्यास असे आढळले होते, की टॉक्सीमिया होण्यापूर्वी वारेतून स्रवणाऱ्या हार्मोनांचा समतोल ढळतो. यावरून स्टिलबेस्ट्रॉलसारखी हार्मोने दिल्यास रक्तदाब व गर्भनाश दोन्ही टळतील, असे अनुमान निघाले आणि व्हाइट यांनी हा उपचार अवलंबिला. त्यांच्या रुग्णांत सुधारणा दिसली खरी. परंतु त्याच रुग्णांना साखरेचे काटेकोर नियंत्रण, दक्ष देखरेख व वेळेपूर्वी प्रसूती यांचाही लाभ मिळत होता. श्रेय नेमके कशाचे, हे अशा स्थितीत कळणे शक्य नव्हते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मधुमेही गर्भवतींची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करून परीक्षण केले. हार्मोनांचा काहीही उपयोग होत नाही, असा त्याचा निष्कर्ष १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि अमेरिकेत ते औषध अन्य गर्भवतींना मिळतच राहिले. गर्भावस्थेत ते ज्यांच्या शरीरात गेले, अशा तरुण मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग आढळतो, हे १९७१ मध्ये उघडकीस आले. उपचाराची किंमत पुढच्या पिढीने चुकती केली.

खुद्द रक्तदाब उतरविणाऱ्या औषधांचा इतिहासही असाच सावधगिरी शिकविणारा आहे. मुंबईच्या रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेविषयीचे आपले अनुभव ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले व पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले. परंतु त्या मुळीतून काढलेले रिसर्पीन प्रसूतीच्या सुमारास मातेस दिल्यास नवजात अर्भकाचे नाक चोंदून श्वास अडतो, असे दिसून आले. लघवी वाढविणारी थायाझाइड औषधे रक्तातील साखर चढवितात, म्हणून मधुमेही स्त्रीस ती दुहेरी गैरसोयीची ठरली. मेथिलडोपा मात्र टिकले. ऑक्सफर्ड येथे रेडमन यांनी त्याची पद्धतशीर परीक्षा करून १९७६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतकेच नव्हे, तर त्या मातांची मुले साडेसात वर्षांची होईपर्यंत त्यांची वाढ तपासण्यात आली.

सर्वांत बिकट पेच पुढेच उभा राहिला. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले कॅप्टोप्रिल मधुमेह्याच्या मूत्रपिंडाचे रक्षण करते, हे १९९३ मध्ये सिद्ध झाले. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकी औषध प्रशासनाने या वर्गातील औषधांविरुद्ध गर्भवतींना इशारा दिला होता. कारण हीच औषधे उत्तर गर्भकाळात गर्भाची मूत्रपिंडे निकामी करतात व गर्भजल आटवितात. मातेच्या ज्या अवयवास औषध तारक, गर्भाच्या त्याच अवयवास ते मारक! सबब गर्भधारणेचा बेत आधीच डॉक्टरांशी ठरवून औषध वेळीच बदलणे, हा उपचाराचाच भाग बनला. मेथिलडोपा, लॅबेटालॉल व निफेडिपिन ही औषधे मग प्रचारात राहिली. त्यांतही लॅबेटालॉलमुळे साखर उतरल्याची छातीतील धडधड जाणवेनाशी होऊ शकते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीस अधिक जपावे लागते.

रक्तदाब किती उतरवावा, हा वाद मात्र दीर्घकाळ चालला. तो फार उतरल्यास वारेकडे जाणारे रक्त कमी पडून गर्भ खुरटेल, ही भीती निराधार नव्हती. २०२२ मध्ये अमेरिकेत २,४०८ स्त्रियांवरील परीक्षण प्रसिद्ध झाले. गर्भारपणापूर्वीपासून किंवा पहिल्या वीस आठवड्यांतच सौम्य रक्तदाब आढळलेल्या या स्त्रियांत मधुमेहीही होत्या. १४०/९० च्या खाली रक्तदाब राखलेल्या गटात गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण ३०.२ टक्के, तर दुसऱ्या गटात ३७ टक्के भरले. आणि खुरटलेल्या बालकांचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही.

तात्पर्य, या शतकभराच्या वाटचालीत औषधे बदलली, संज्ञाही बदलल्या. परंतु निर्णायक ठरली ती परीक्षणाची पद्धत. तज्ज्ञाचा अनुभव कितीही मोठा असला, तरी त्यास तुलनेची जोड मिळेपर्यंत तो अनुमानच राहतो. मधुमेही गर्भवतीच्या बाबतीत त्या अनुमानाची झळ एकाच वेळी दोन जीवांना लागते, हे या प्रकरणाचे खरे वैशिष्ट्य होय.