वेशीवरचा पहारा

रात्रीच्या वेळी गावात अनोळखी माणूस आला, तर त्याला प्रथम कोणी भेटावे? प्रश्न साधा दिसतो. परंतु आपल्या खेड्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे. बायबलमधील स्तोत्रकर्त्याला नगराचा पहारेकरी चांगला ठाऊक होता. मराठी मुलखातल्या पहारेकऱ्याची ओळख मात्र आपल्यापैकी पुष्कळांना उरलेली नाही. ती करून देण्याचा हा अल्प प्रयत्न.

१८१८ साली पेशवाईचा अस्त झाला. त्यानंतर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये कंपनी सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या बंदोबस्ताचे वर्णन आढळते. बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या मदतीला कुलकर्णी, चौगुला आणि प्रसंग पडल्यास सारा गाव. परंतु खरा भार असे तो पहारेकऱ्यावर. कोठे तो महार असे, कोठे रामोशी, कोठे भिल्ल. रात्री गस्त घालावी, कोण आले व कोण गेले हे ध्यानात ठेवावे, परक्याची चौकशी करावी, संशय आल्यास पाटलाच्या कानावर घालावे, अशी त्याची कामे होती. गावातील प्रत्येकाची चालचलणूक त्याला माहीत असावी, अशी अपेक्षा असे.

चोरी झाली की पहारेकरी चोराच्या पावलांवरून माग काढी. हा माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला आणि तेथील पहारेकऱ्याची खात्री पटली, म्हणजे पहिल्याची जबाबदारी संपे व दुसऱ्याची सुरू होई. ज्या गावात माग थांबे, त्या गावावर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई येई. ती आधी पहारेकऱ्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायची आणि उरलेली साऱ्या गावाने. प्रत्यक्षात पूर्ण भरपाई क्वचितच वसूल होई, काही दंडावर भागत असे. आणि निरपराध गावाला भुर्दंड बसावा हा अन्याय एल्फिन्स्टन यांच्याही नजरेतून सुटला नाही. तरीही या रीतीत एक तत्त्व होते. शेजाऱ्याची चोरी ही आपलीही जबाबदारी आहे, हे गावाला मान्य करावे लागत असे.

या चित्राची दुसरी बाजू आम्हांस झाकून ठेवता येत नाही. ज्याच्या भरवशावर गाव निजत असे, त्या महाराचे घर वेशीबाहेर होते. तुटपुंज्या वतनाच्या मोबदल्यात रात्री-अपरात्री राबणे त्याच्या कपाळी आले. या वतनाच्या जोखडाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. परंतु कनिष्ठ वतने नष्ट करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. रामोशांची कथाही अशीच करुण आहे. इंग्रजी अमलात त्यांचे परंपरागत पहाऱ्याचे हक्क गेले. बंडाचे निशाण उभारणाऱ्या उमाजी नाईक यांना १८३२ साली पुण्यात फाशी देण्यात आली. पुढे १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची प्रथा पडली. हा कायदा देशातून गेला तो १९५२ साली. आज रामोशी समाज महाराष्ट्रातील विमुक्त जातींत गणला जातो. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी चोरांचा माग काढला, त्यांच्याच माथी चोरीचा शिक्का बसला! येथे दुसऱ्यांना दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही. जातिभेदाची कुंपणे भारतातील ख्रिस्तसभेच्या अंगणातही शिरली होती, हे आम्ही नम्रपणे कबूल केले पाहिजे.

१८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाच्या अधिकारांना लेखी रूप दिले. स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद नेमणुकीचे झाले. आता हे पद जातीने किंवा घराण्याने मिळत नाही. स्त्रियाही ते भूषवितात. गुन्ह्याची, संशयास्पद मृत्यूची, शांतताभंगाच्या भीतीची खबर ठाण्यास देणे हे त्यांचे कर्तव्य. अंगावर पोलिसी गणवेश नाही, पण गावातील घरन् घर ठाऊक, हेच त्यांचे बळ.

असे असूनही १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे काय घडले? मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आमच्या पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाच्या हातून मारले गेले; त्या वेळी पोलीस तेथे उपस्थित होते.

त्या रात्रीही गाव जागेच होते, हे विसरून चालणार नाही. जुना पहारेकरी परक्याला अडवी, त्याचे नाव-गाव विचारी आणि पाटलापुढे नेई. जमाव विचारपूस करीत नाही. तो भितो आणि मारतो. पहारा आणि जमाव यांत अंतर आहे ते या विचारपुशीचे.

म्हणून आमची धर्मग्रामातील कुटुंबांना कळकळीची विनंती आहे. आपल्या गावच्या पोलीस पाटलांना ओळखा. मोबाइलवर आलेला भीतीचा संदेश पुढे धाडण्यापूर्वी त्यांना विचारा. संकटाची शंका आली तर ११२ क्रमांकावर कळवा. हात मात्र उगारू नका. आणि वेशीवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला आधी पाणी द्या, मग त्याचे नाव विचारा. अंतिम न्यायाच्या दिवसाविषयी बोलताना प्रभू येशूने स्वतःला परक्यांतच गणले आहे, याचा आपणांस विसर पडू नये.