आईबापांच्या अपेक्षांचा इतिहास : मेक्सिकोची ‘प्रोग्रेसा’ योजना

१/ दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजनांचा इतिहास बहुधा धान्य, मजुरी आणि अनुदान यांच्या हिशेबात मांडला जातो. आईबापांनी लेकरांविषयी बाळगलेली अपेक्षा त्या हिशेबात येत नाही. मेक्सिकोतील एका योजनेमुळे मात्र तिचीही नोंद झाली.

२/ डिसेंबर १९९४ मध्ये मेक्सिकोचे चलन पेसो कोसळले आणि महागाई भडकली. तोर्तिया म्हणजे मक्याची पोळी आणि दूध यांवर सरकारी अनुदान होते. पण त्याचा मोठा वाटा शहरांतच खर्ची पडे. दुर्गम खेड्यांतील अतिदरिद्री कुटुंबांपर्यंत ते क्वचितच पोहोचे.

३/ १९९७ साली, अध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांच्या कारकिर्दीत ‘प्रोग्रेसा’ सुरू झाली. सांतियागो लेवी आणि होसे गोमेस दे लेओन हे तिचे प्रमुख शिल्पकार. रोख रक्कम थेट आईच्या हाती पडे. अटी दोन : मुलांची शाळेतील हजेरी किमान ८५ टक्के असावी आणि कुटुंबाने आरोग्य केंद्रात नियमित तपासणी करून घ्यावी.

४/ प्राथमिक शाळेनंतर मुलींची गळती अधिक होती. म्हणून माध्यमिक वर्गांत मुलींची शिष्यवृत्ती मुलांपेक्षा जास्त ठेवली गेली. लेकीने पुढे शिकावे, हा शासनाचा आग्रह रकमेतच दिसत होता.

५/ परिणाम तपासण्यासाठी ५०६ गावे निवडली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी झाली : ३२० गावांना लाभ आधी, १८६ गावांना नंतर. सर्वेक्षणात पालकांना विचारले गेले, ‘मुलाने कुठपर्यंत शिकावे असे वाटते?’

६/ पुढे अर्थतज्ज्ञांनी ही उत्तरे अभ्यासली. लाभार्थी पालकांच्या अपेक्षा उंचावल्या होत्या. आणि जेथे डॉक्टर व परिचारिकांशी संपर्क अधिक आला, तेथे ही वाढ ठळक होती. शिकलेली माणसे नित्य समोर दिसू लागली, तेव्हा शिक्षण आपल्या घरालाही शक्य वाटू लागले असावे.

७/ या यशाला दुसरी बाजूही होती. अटी पाळण्याचा भार मुख्यतः आईवरच पडतो, अशी टीका मॅक्सिन मॉलिन्यू यांच्यासारख्या अभ्यासकांनी केली. शिकलेल्या मुलांसाठी गावात काम निर्माण करणे हा तर योजनेचा भागच नव्हता.

८/ २००२ मध्ये ती ‘ओपोर्तुनिदादेस’ झाली, २०१४ मध्ये ‘प्रोस्पेरा’, आणि २०१९ मध्ये बंद पडली. शासनाने योजना मागे घेतली, तरी तिने जागवलेली अपेक्षा मागे घेता येत नाही. अशा योजनांचे मोजमाप करताना ती अपेक्षा पुरी करण्याची जबाबदारी कोणी उचलली, हेही पाहावे लागते.