भोपळा, सलगम आणि कणकेचा दिवा

दर ऑक्टोबरला आमच्या हापिसात भोपळे कोरून हॅलोविन साजरा होतो. आणि दर वर्षी कोणीतरी म्हणतंच, "आपल्याकडे नाही बुवा असलं काही भुताखेतांचं!"

खरंच नाही?

आयर्लंडमध्ये हिवाळ्याच्या तोंडावर 'साविन' असायचा. त्या रात्री मेलेली माणसं परत येतात अशी समजूत. पुढे तिथे सलगम कोरून आत दिवा ठेवू लागले. १८४५ पासून बटाट्याचा दुष्काळ पडला, लाखो आयरिश अमेरिकेत गेले, आणि सलगमच्या जागी तिथला भोपळा आला.

आता आपली दिवाळी बघा. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ चा. घराणं मूळ पैठणचं, म्हणजे आम्हा परतूरकरांच्या जवळचंच. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा 'धर्मसिंधु' १७९० चा. दोघंही सांगतात, चतुर्दशी-अमावस्येच्या संध्याकाळी हातात जळत्या चुडी घेऊन पितरांना वाट दाखवावी. नाव उल्कादान. पितृपक्षात आलेले पितर आता परत निघालेले असतात ना! शिवाय लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री बायकांनी सूप वाजवत अलक्ष्मीला घराबाहेर हाकलायचं.

आजोबा गेले त्या वर्षी परतूरला आजीने धनत्रयोदशीला कणकेचा दिवा दक्षिणेकडे तोंड करून ठेवला. म्हटलं, "यमासाठी ना?"

"यमाला कशाला लागतो दिवा? त्यांना वाट दिसावी म्हणून."

आजीने ग्रंथ कधी उघडला नव्हता. दिवा मात्र कोणासाठी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

असो. यंदा भोपळा मीच कोरणार आहे.