नाव एकीकडे, घोडा दुसरीकडे

आज जर्मनीतल्या सॅक्सनीबद्दल बोलू. ड्रेस्डेन ज्याची राजधानी आहे ते सॅक्सनी मूळ सॅक्सन लोकांचे नव्हेच. ते लोक वायव्येला, उत्तर समुद्राच्या बाजूला राहत. त्यांच्या ‘साक्स’ नावाच्या सुऱ्यावरून त्यांना हे नाव पडले, असे सहसा मानतात.

मग नाव हलले कसे? ड्यूक हेन्रीने, ज्याला ‘सिंह’ म्हणत, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाला इटलीच्या मोहिमेत कुमक दिली नाही. लष्करात याला काय म्हणतात ते सांगायला नको! कागदोपत्री ठपका मात्र दरबारात हजर न राहिल्याचा. ११८० साली त्याची ड्यूकी गेली. किताब पूर्वेकडच्या बर्नहार्डला मिळाला आणि १४२३ मध्ये माइसेनच्या वेट्टिन घराण्याकडे आला. लोक जागेवरच राहिले, नाव एल्ब नदीच्या वरच्या अंगाला गेले. ड्रेस्डेनच्या ढालीवरचे काळे-पिवळे पट्टे बर्नहार्डच्या घराण्याचे. त्यावरची हिरवी माळ सम्राटाने स्वतः घातली म्हणतात, पण ती दंतकथाच.

हेन्रीच्या वंशजांनी चौदाव्या शतकात पांढरा घोडा उचलला, म्हणजे खरे सॅक्सन आम्हीच! शार्लमेनशी लढलेला विडुकिंड ७८५ मध्ये ख्रिस्ती झाला, तेव्हा त्याचा काळा घोडा पांढरा झाला, अशी कथा आहे. माझ्या मते ही कथा म्हणजे निव्वळ दावा ठोकणे. हाच घोडा १७१४ पासून १८३७ पर्यंत ब्रिटनच्या राजचिन्हातही होता.

१९४६ साली ब्रिटिशांनी हानोवर आणि शेजारची तीन राज्ये जोडली. नाव ठेवले लोअर सॅक्सनी. त्याच्या लाल ढालीवर तोच घोडा आहे.