पोलादी फ्रेम की पॉलिमर फ्रेम? पिस्तुलाच्या घडणीतील एक बदल

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. भिलाई ओळखली गेली ती रेल्वेच्या रुळांसाठी, शस्त्रांसाठी नव्हे. तरी राष्ट्राची ताकद पोलादात मोजण्याची त्या काळची दृष्टी शस्त्रांनाही लागू होती. बंगालमधील ईशापूर रायफल फॅक्टरीचे ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे त्याच दृष्टीत बसणारे. मूळ रचना ब्राउनिंगची, १९३५ सालची. फ्रेम पोलादी, रिकामे वजन सुमारे ९०० ग्रॅम.

मग प्लास्टिकची फ्रेम टिकते कशी? गोळी सुटताना वायूचा प्रचंड दाब नळी आणि स्लाइड झेलतात. फ्रेमचे काम वेगळे: मॅगझिन धरणे, चापाची यंत्रणा सामावणे, स्लाइडला वाट देणे. म्हणून पोलाद बलवान की प्लास्टिक, हा प्रश्नच चुकीचा आहे. बळ नेमके कुठे लागते, ते पाहावे.

पॉलिमर फ्रेमचे पहिले पिस्तूल ग्लॉक, असे उत्तरपत्रिकेत हमखास सापडते. ते चूक आहे. जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीचे व्हीपी७० हे १९७० मध्येच आले होते; त्याचा चाप जड होता आणि ते फारसे रुजले नाही. ऑस्ट्रियाच्या सैन्याला जुन्या वॉल्थर पी३८ ची जागा भरायची होती. तेव्हा गॅस्टन ग्लॉक या कारखानदाराने, पूर्वी एकही पिस्तूल बनवलेले नसताना, ग्लॉक १७ सादर केले आणि १९८२ मध्ये ते स्वीकारले गेले. वजन सुमारे ६३० ग्रॅम, मॅगझिनमध्ये १७ गोळ्या. पोलादी फ्रेम घडवून, कातून तयार करावी लागे. ही साच्यातून निघते. स्लाइड सरकते त्या पट्ट्या मात्र पोलादाच्याच, प्लास्टिकमध्ये बसवलेल्या.

विमानतळाच्या यंत्राला हे पिस्तूल दिसणारच नाही, अशी भीती अमेरिकेत पसरली आणि १९८८ मध्ये तिथे न ओळखता येणाऱ्या शस्त्रांविरुद्ध कायदा झाला. वस्तुतः ग्लॉकची नळी आणि स्लाइड पोलादी असल्याने ते क्ष-किरणात स्पष्ट दिसते. भीतीचे कारण ‘प्लास्टिक’ हा शब्दच असावा.

निवड अर्थात एकतर्फी नाही. दिवसभर कमरेला बाळगणाऱ्याला हलकी, न गंजणारी फ्रेम सोयीची. जड फ्रेम धक्का शोषते, नेम लवकर परत बसतो. म्हणून नेमबाजीच्या स्पर्धांत धातूचे चाहते आजही आहेत. माझ्या मते पोलिसांसाठी वजनाचा मुद्दा सर्वांत मोठा, कारण त्यांचे पिस्तूल झाडले जाते क्वचित आणि वाहिले जाते रोज.

भारतात राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाने ग्लॉक घेतले. पुढे पुण्याची एआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था आणि महूचे इन्फन्ट्री स्कूल यांनी चार महिन्यांत ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल विकसित केले. ते जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याचा वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि चापाचे भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने बनवलेले आहेत.