वाळवणाचे यंत्र आणि त्याची निगा

वाळवण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उन्हात मांडलेल्या कुरडया आणि सांडगे येतात. कपडे वाळवणे हे यंत्राचे काम आहे असे आपल्याकडे अजूनही फारसे कोणी मानत नाही. मुंबईच्या चाळीत काठीने दांडीवर धोतर-लुगडे सारले की काम झाले. आषाढ-श्रावणात ते चार दिवस ओले राहिले तर आपण पावसाला दोष देतो आणि दमट सदरा अंगात घालून कामावर जातो. आपल्या घरातल्या धुलाई यंत्राच्या दुसऱ्या टाकीला आपण ‘ड्रायर’ म्हणतो खरे, पण ती टाकी कपडे नुसते गरगरा फिरवून त्यांतले पाणी बाहेर फेकते. तीत उष्णता नसते. मी ज्या यंत्राविषयी सांगणार आहे, ते गरम हवेचे यंत्र होय, आणि त्याचा इतिहास थंड मुलखात घडला.

जेथे हिवाळ्यात दोरीवर टाकलेला सदरा फळीसारखा ताठ गोठतो, तेथे पूर्वी शेगडीजवळ कपडे टांगीत. कपडे जळत, काजळी लागे, प्रसंगी घरही पेटे. ओहायो राज्यातील डेटन येथील जॉर्ज सॅम्प्सन या कृष्णवर्णीय संशोधकाने ७ जून १८९२ रोजी एका चौकटीचे पेटंट घेतले. कपडे शेगडीच्या उष्णतेत वाळावेत, पण जळू नयेत, अशी तिची रचना होती. पुढे नॉर्थ डकोटाच्या रॉस मूर या शेतकऱ्याने गोठवणाऱ्या थंडीत कपडे वाळत घालण्याला कंटाळून शेडमध्ये शेगडीवर तापणारे एक पिंप बसविले आणि त्यात कपडे फिरविले. त्याच्या कल्पनेवरून १९३८ साली विस्कॉन्सिनमधील टू रिव्हर्स गावच्या हॅमिल्टन कंपनीने ‘जून डे’ नावाचे घरगुती यंत्र बाजारात आणले. ही कंपनी मूळची छापखान्यासाठी लाकडी टाइप करणारी. यंत्राला रूप दिले ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखनकाराने. नुसती पांढरी पेटी कोण विकत घेईल, असे म्हणून त्याने दाराला काच बसवावयास लावली आणि दुकानात आत रंगीबेरंगी चड्ड्या फिरत ठेवण्याचा सल्ला दिला. विक्रीचे शास्त्र असे असते!

त्याच १९३८ साली आयोवा राज्यातील न्यूटन गावी मेटॅग या धुलाई यंत्रांच्या कारखान्यात दहा टक्के पगारकपातीचे फर्मान निघाले आणि कामगारांनी संप केला. राज्यपालाने लष्करी शिबंदी बोलावली, आणि अखेर कामगारांना कापलेल्या पगारावर परत जावे लागले. आपल्याकडे त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी त्यात एकत्र उभे होते. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु गृहिणीचे श्रम वाचविणाऱ्या यंत्रांच्या जाहिराती वाचताना, ती यंत्रे करणाऱ्यांच्या पगाराची हकीकत शेजारी ठेवून वाचावी, अशी मला सवय लागली आहे.

आता यंत्राकडे वळू. एक मोठे पिंप असते. त्याभोवती गुंडाळलेल्या पट्ट्याने मोटर ते फिरविते. पंखा तापलेली हवा पिंपातून ओढतो आणि ओली हवा नळीवाटे घराबाहेर सोडतो. वाटेत एक जाळी असते. कपडे एकमेकांवर आपटून त्यांचे तंतू सुटतात व त्या जाळीत अडकतात. कापड गिरणीच्या कार्डिंग खात्यात काम केलेल्या माणसाला हे तूस म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. ते छातीत गेले तर दमा जडतो आणि ठिणगी लागली तर क्षणात पेट घेते. त्या एवढ्याशा पेटीत, तापलेल्या तारेच्या शेजारी, हेच तूस रोज साठत असते.

म्हणून निगेचा पहिला नियम असा की, प्रत्येक खेपेनंतर जाळी साफ करावी. कपडे मऊ करणाऱ्या औषधी कागदांचा मेणचट थर जाळीवर बसतो आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जाळीवर पाणी ओतून पाहावे. ते खाली न जाता वर साचले तर जाळी साबणाच्या पाण्याने घासून धुवावी. बाहेर जाणारी नळी गुळगुळीत पत्र्याची असावी. प्लास्टिकच्या किंवा वर्खाच्या सुरकुतलेल्या नळीत प्रत्येक घडीला तूस धरते. तेलाने माखलेली फडकी धुतल्यावरही आत टाकू नयेत, कारण तेल राहिलेल्या कापडाचा गरम ढीग आपोआप पेटू शकतो. शेवटची काही मिनिटे यंत्र थंड हवा सोडते, ती वाया जाते असे समजून मध्येच बंद करू नये.

दुरुस्तीच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोटर गुणगुणते आणि पिंप फिरत नाही, तर पट्टा तुटलेला असतो. पिंप किंचाळते, तर खालची चाके झिजलेली असतात. हे सोपे. परंतु पिंप फिरते आणि हवा गार येते, तेव्हा पुष्कळदा उष्णतेचा फ्यूज उडालेला असतो. घाईचा कारागीर तो बदलतो, आणि बेपर्वा कारागीर तेथे तारेचा तुकडा जोडून मोकळा होतो. यंत्र चालू लागते, गिऱ्हाईक खूश होते. पण फ्यूज उडाला का? बहुधा हवेची वाट कोठेतरी तुंबली म्हणून. तुंबलेली नळी मोकळी केल्याशिवाय फ्यूज बदलणे म्हणजे तक्रार करणाऱ्याला कामावरून काढून तक्रार मिटविल्यासारखे आहे.

अमेरिकेच्या सरकारी अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशेब दिला आहे. घरगुती वाळवण यंत्रांमुळे दर वर्षी सुमारे २,९०० आगी, ५ मृत्यू आणि १०० जखमी. यंत्र साफ न ठेवणे हे त्यांतील सर्वांत मोठे कारण, ३४ टक्के. हा आकडा कंपन्यांना फार आवडतो, कारण त्यात दोष वापरणाऱ्याच्या पदरी पडतो. कारखान्यात हात तुटला की ‘कामगाराची निष्काळजी’ असा शेरा मारतात, त्यातलाच हा प्रकार. उरलेल्या आगींचे काय, हे मात्र विचारले पाहिजे.

त्याचे उत्तर इंग्लंडात मिळाले. व्हर्लपूल कंपनीने २०१४ साली इंडेसिट ही इटालियन कंपनी घेतली. २०१५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाले की, २००४ पासून विकल्या गेलेल्या हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा इत्यादी नावांच्या लक्षावधी यंत्रांत जादा तूस तापलेल्या तारेला लागून पेटू शकते. गृहिणीने जाळी कितीही झाडली तरी हा दोष जाणारा नव्हता, कारण तो रचनेतच होता. कंपनीने यंत्रे परत घेतली नाहीत. कारागीर येईपर्यंत ती वापरावीत, मात्र चालू असताना सोडून जाऊ नये, असे तिने सांगितले. कारागिरांना कितीतरी महिने लागले. श्रम वाचविणाऱ्या यंत्राशेजारी आता माणसाने पहारा करावयाचा होता! १९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातील १८ मजली इमारतीत अशाच एका यंत्राने आग लावली. मनुष्यहानी झाली नाही, पण कुटुंबे रस्त्यावर आली. २०१७ च्या फेब्रुवारीत कारवाईच्या धाकाने कंपनीचा सल्ला बदलला व ‘तार काढून ठेवा’ असे सांगण्यात आले. यंत्रे सक्तीने परत बोलावली गेली ती २०१९ मध्ये, म्हणजे पहिल्या इशाऱ्यानंतर चार वर्षांनी. तोपर्यंत सुमारे ७५० आगींशी त्यांचा संबंध लागला होता.

मेटॅगची जाहिरात जुन्या मंडळींना आठवत असेल. १९६७ पासून तीत एक मेकॅनिक येई; यंत्रे बिघडतच नाहीत म्हणून बिचारा एकटा बसून असे. २००६ साली मेटॅगही व्हर्लपूलच्या पोटात गेली, आणि पुढच्याच वर्षी न्यूटनचा कारखाना बंद झाला. ज्यांच्या आजोबांनी १९३८ चा संप केला, त्या गावात आता ते यंत्र होत नाही.

युरोपीय संघाने १ जुलै २०२५ पासून वाळवण यंत्रांसाठी नवे नियम लागू केले. वीज किती खावी याची मर्यादा घातली, त्यामुळे उष्णता पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या नव्या जातीच्या यंत्रांचीच चलती राहणार. त्याचबरोबर सुटे भाग अनेक वर्षे मिळालेच पाहिजेत असे बंधनही घातले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ च्या जुलैत ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. तेथे कंपन्या आपली माहिती ठेवतात. युरोपात बंधन आणि येथे माहिती, एवढा फरक आहे. आणि आमच्या नाक्यावरचा मिस्त्री, जो मिक्सरपासून धुलाई यंत्रापर्यंत सारे उघडतो, तो अजूनही सुटा भाग मिळविण्यासाठी जुन्या यंत्रांचा सांगाडा दुकानामागे जपून ठेवतो.